अमार्ना पत्रं: काही महिन्यांच्या वाचनानंतर

विल्यम मोरन यांनी केलेला अमार्ना पत्रांचा इंग्रजी अनुवाद (1992) मी पावसाळ्याच्या तोंडावर घेतला आणि अजून तो टेबलावरून कपाटात गेलेला नाही. इजिप्तवरचं आपलं बरंचसं वाचन पिरॅमिड, ममी आणि तुतानखामुन यांच्याभोवतीच फिरतं. सोयरिकी जुळवणारा, सोन्यावरून शेजाऱ्यांशी तणातणी करणारा इजिप्त ज्यांना बघायचा आहे, त्यांनी हे पुस्तक जरूर घ्यावं. फक्त ते पहिल्या पानापासून सलग वाचू नका.

1887 मध्ये नाईलकाठच्या तेल अल-अमार्ना इथे, म्हणजे फॅरो (इजिप्तचा राजा) अखेनातेनच्या राजधानीच्या अवशेषांत, मातीच्या पाट्या मिळाल्या. आज अशा 382 पाट्या क्रमांकासह नोंदलेल्या आहेत. त्यातली बहुतेक पत्रं आहेत, ई.स.पू. 14व्या शतकातली, अमेनहोतेप तिसरा आणि त्याचा मुलगा अखेनातेन यांच्या काळातली. लिपी कीलाकार, म्हणजे ओल्या मातीत खिळ्यासारख्या खुणा दाबून लिहायची, आणि भाषा अक्कादी. बॅबिलॉनची ही भाषा तेव्हा दरबारादरबारांत चालायची आणि फॅरोलाही परराष्ट्रांशी तिच्यातच लिहावं लागे. मला हे आधी माहीत होतं, पण पत्रामागून पत्र वाचताना त्याचं वजन कळलं.

पत्रांचा क्रम काळाचा नाही, भूगोलाचा आहे. आधी बॅबिलॉन, मग असीरिया, मितानी (आजच्या उत्तर सीरियाच्या भागातलं राज्य) आणि इतर मोठी राज्यं, त्यानंतर सीरिया आणि कनान (आजचा इस्रायल-लेबनॉनचा भाग) इथले मांडलिक. शंभरेक वर्षांपूर्वी क्नुड्टझोन या नॉर्वेजियन अभ्यासकांनी दिलेले हे क्रमांक मोरन यांनी तसेच ठेवले आहेत. शोधायला सोपं, पण गोष्ट तुटते. म्हणून माझा सल्ला, थेट 17व्या पत्राला हात घाला.

तिथे मितानीचा राजा तुशरत्त भेटतो. भावाचा खून झाला, मारेकऱ्यांना आपण कसं संपवलं, हे तो फॅरोला कळवतो. त्याची बहीण आधीच इजिप्तच्या राणीवशात आहे. पुढच्या पत्रांत त्याच्या मुलीचं, तदुहेपाचं, फॅरोशी लग्न ठरतं. 22व्या पाटीवर तिच्यासोबत पाठवलेल्या वस्तूंची यादी आहे: घोडे, रथ, दागिने, वस्त्रं, भांडी. रुखवत मांडून ठेवल्यासारखी ती पानोपान चालते. पहिल्यांदा मी ती चाळून पुढे गेलो, आता मुद्दाम सावकाश वाचतो, कारण त्या काळातले कारागीर काय काय घडवत होते ते इथे सगळं सापडतं.

23वं पत्र माझं सर्वात आवडतं. तुशरत्त निनवेच्या देवीची मूर्ती फॅरोकडे पाठवतो आहे आणि ती परत धाडावी असंही बजावतो आहे. त्या पाटीवर इजिप्ती कारकुनाने शाईने, हिएरॅटिक या इजिप्तच्या झरझर लिहायच्या लिपीत, राजवटीचं 36वं वर्ष अशी नोंद केलेली आहे. एकाच मातीच्या तुकड्यावर दोन संस्कृतींचे हात! मग अमेनहोतेप वारतो आणि सूर बदलतो. कबूल केलेल्या भरीव सोन्याच्या मूर्तींऐवजी सोन्याचा पत्रा चढवलेल्या लाकडी मूर्ती आल्या, अशी तुशरत्तची तक्रार. तो विधवा राणी तिये हिलाही लिहितो: तुझ्या नवऱ्याने काय शब्द दिला होता ते तुला ठाऊक आहे, मुलाला सांग. याच तुशरत्तच्या मुलाने पुढे हिटाइटांशी (आजच्या तुर्कस्तानातल्या तेव्हाच्या सत्तेशी) केलेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांना साक्षी ठेवलं. भारतीय वाचकाला मितानीची पत्रं जवळची वाटतात त्यामागे हेही आहे.

बॅबिलॉनचे राजेही विसरता येत नाहीत. एकाला फॅरोची मुलगी हवी आहे. उत्तर येतं, इजिप्तची राजकन्या बाहेर दिली जात नाही. तो म्हणतो, मग तुझीच मुलगी असल्यासारखी कोणतीही सुंदर स्त्री पाठव, ती राजकन्या नाही असं कोण म्हणणार? 7व्या पत्रात बुर्नाबुरियाश रुसलेला आहे, कारण तो आजारी असताना फॅरोने विचारपूस केली नाही. इजिप्त किती दूर आहे हे दूताकडून समजल्यावर राग उतरतो, आणि तेही तो प्रांजळपणे लिहितो.

मांडलिकांच्या भागात खरी कसोटी लागते. बिब्लोस या (आजच्या लेबनॉनमधल्या) शहराचा राजा रिब-हद्दा याची साठाहून अधिक पत्रं आहेत आणि मागणी एकच: धनुर्धारी पाठवा, धान्य पाठवा. इथे मी अनेकदा थांबलो. पण हा कंटाळाच महत्त्वाचा आहे असं आता वाटतं. लोकांनी धान्यासाठी घरातलं सामान विकलं, मुलंबाळंही विकली, हे तो पुन्हापुन्हा सांगतो आणि मदत येत नाही. शेवटी त्याचा सख्खा भाऊच त्याला शहराबाहेर काढतो. पुढे 162व्या पत्रात फॅरो बिब्लोसशेजारच्या अमुर्रू राज्याच्या अझीरूला खडसावतो, तेव्हा त्यात बिब्लोसच्या या हाकललेल्या राजाचा विषय निघतो. ही दोन टोकं जोडायला मला फार वेळ लागला, कारण पुस्तक ती जोडून देत नाही.

उणिवा सांगायलाच हव्यात. मूळ अक्कादी पाठ दिलेला नाही. पत्राखालच्या टिपा व्याकरणाच्या आणि पाठभेदांच्या आहेत, नवख्या माणसासाठी त्या नाहीत. पत्रव्यवहार बहुतांशी एकतर्फी आहे, इजिप्तकडून गेलेली पत्रं मोजकीच. हा दोष अनुवादकाचा नाही, पण फॅरोचं उत्तर वाचायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

या विषयाची अजिबात ओळख नसेल तर आधी इजिप्तच्या अठराव्या राजवंशाविषयी थोडं वाचा आणि सीरिया-कनानचा नकाशा शेजारी उघडा ठेवा. मूळ पाठ हवाच असेल तर अॅन्सन रेनी यांची 2015 ची दोन खंडांची आवृत्ती आहे, त्यात लिप्यंतर आणि अनुवाद दोन्ही मिळतात. ती ग्रंथालयात बघा. घरी ठेवायला मोरनच.