सुई पक्की, काउंटर कच्चं: इंदुरातलं गर्भाच्या जनुकीय तपासणीचं एक केंद्र

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या: ही पूर्ण लॅब नाही. बाहेरगावच्या मोठ्या लॅबचं हे इंदुरातलं केंद्र. इथे नमुना घेतात, बांधतात, रवाना करतात. जनुक वाचण्याचं काम तिकडे होतं. सुई चालवणाऱ्या डॉक्टरांना पैकीच्या पैकी गुण. काउंटरला तेवढे देता येत नाहीत.

काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "कितवा महिना?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा असायला हवा. थॅलेसेमियासाठी (आई-बापाकडून मुलात येणारा रक्ताचा आजार) गर्भ तपासायचा तर नवरा-बायको दोघांच्या जनुकातला नेमका दोष आधी माहीत असावा लागतो. एचपीएलसी ही हिमोग्लोबिनची तपासणी आणि रक्तपेशींची मोजणी यांचा रिपोर्ट (हिमोग्लोबिनचा एचबीए२ हा प्रकार साधारण ३.५ टक्क्यांच्या वर, लाल पेशींचा आकार सांगणारा एमसीव्ही बहुधा ८०च्या खाली) माणूस वाहक आहे, म्हणजे स्वतः आजारी नसला तरी दोष मुलाला देऊ शकतो, एवढंच सांगतो, जनुकात कुठे काय बिघडलंय ते त्यातून कळत नाही. ते शोधायला दोघांचं जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीतलं रक्त लागतं आणि वर काही दिवस जातात. इथे मात्र अकराव्या आठवड्यात आलेल्या जोडप्याचं रक्त आणि गर्भाचा नमुना एकाच दिवशी घेऊन टाकतात. आई-बापाचा दोष सापडेपर्यंत गर्भाचा नमुना तिकडे पडून राहतो, आणि सापडलाच नाही तर पोटात सुई टोचल्याचा उपयोग शून्य.

न सापडण्याचं एक कारण इंदूरकरांनी ध्यानात ठेवावं. इथे सिंधी वस्ती मोठी, आणि सिंधी, गुजराती कुटुंबांत हिमोग्लोबिन घडवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकातला ६१९ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडाच गळालेला असण्याचं प्रमाण बरंच आहे. जनुक अक्षर-अक्षर वाचणाऱ्या नुसत्या सँगर सिक्वेन्सिंगमध्ये हा प्रकार निसटतो, कारण दुसरी धड प्रत वाचली जाते आणि सगळं आलबेल दिसतं. त्यासाठी गळालेला तुकडा हुडकणारी गॅप-पीसीआर चाचणी लागते. मागणीपत्रावर समाज आणि मूळ गाव यांचे रकाने आहेत, ते कोरे राहिले तरी कुणी हटकत नाही. स्वतःहून भरा. मामाची मुलगी केलेली असेल तर तेही लिहा, लाजण्यासारखं त्यात काही नाही. लॅबला मात्र त्यातून शोधाची दिशा मिळते. बाईला लोहाची कमतरता असेल तर एचबीए२ खाली ओढला जातो, म्हणून ३.५च्या काठावरचा आकडा 'नॉर्मल' म्हणून फाइलला लावू नका.

सिकलसेल या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत काउंटरची चूक जास्त गंभीर आहे. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडची बरीच कुटुंबं इंदुरात येतात. १ जुलै २०२३ला शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाल्यापासून हा शब्द घरोघरी पोचलाय, पण सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे वाहक की रुग्ण, हे तिच्यावरून ठरत नाही. आणि एक जण सिकलचा वाहक, दुसरा थॅलेसेमियाचा, तर "दोघांचे आजार वेगळे, काळजी नको" असं इथे सांगितलं जातं. हे साफ चूक. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात मुलाला सिकल-बीटा थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते, अगदी दोघं एकाच आजाराचे वाहक असावेत तशीच.

आता सुई. वारेचा अंश ११ ते १४ आठवड्यांत घेतात, सोनोग्राफीवर सतत नजर ठेवून. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरून आईच्या ऊतीचे धागे तिथल्या तिथे वेगळे करतात, हे विशेष. अनेक ठिकाणी हे काम लॅबवर ढकलतात. गर्भजल १६ आठवड्यांपासून पुढे, १५ ते २० मिली, आणि पहिले दोनेक मिली टाकून देतात. दोन्हींचं कारण एकच: आईच्या पेशी मिसळल्या तर रिपोर्ट गर्भाऐवजी आईचाच येतो. म्हणून आईचं रक्तही सोबत जातं आणि मिसळ झाली नसल्याची नोंद रिपोर्टवर असावी लागते. ती नसेल तर रिपोर्ट परत करा. गर्भपाताचा धोका अनुभवी हातात अर्ध्या टक्क्याच्या आत असतो, हे डॉक्टर आधीच सांगतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत द्यायचं अँटी-डी इंजेक्शनही विसरत नाहीत. संमतिपत्र हिंदीत आहे, सही केल्यावर त्याची प्रत हातात देतात. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४च्या कायद्याने ती द्यावीच लागते. मुलगा की मुलगी हे रिपोर्टमध्ये नसतं, कुणी सांगतही नाही.

'रक्तातूनच सगळं कळतं' म्हणून इथे एनआयपीटी फार आग्रहाने खपवतात. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तातून होणारी ही चाळणी मुख्यतः २१, १८ आणि १३ क्रमांकाच्या गुणसूत्रांसाठी आहे. थॅलेसेमियाचा प्रश्न घेऊन आलेल्या जोडप्याला ती देणं म्हणजे निव्वळ बिल वाढवणं. तिचा निकाल वाईट आला तरी पक्कं निदान वारेच्या अंशावर किंवा गर्भजलावरच होतं.

डबा बांधणं मध्यम. डीएनएचा नमुना बराच सोसतो, पण कॅरिओटाइपसाठी, म्हणजे गुणसूत्रांची संख्या-रचना पाहण्यासाठी, पेशी जिवंत पोचाव्या लागतात. बर्फाची पिशवी नळीला थेट चिकटली की पेशी मरतात, आणि इंदुरातल्या मे महिन्यात डबा उन्हात राहिला तरी तेच. कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवायला, आधीच दोन-तीन आठवडे लागतात. अठराव्या आठवड्यातला नमुना वाया गेला तर दुसऱ्याचा निकाल चोवीस आठवड्यांच्या तोंडाशी येतो, आणि गर्भपात कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनुसार त्यापुढे गर्भातल्या दोषासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. शनिवारी घेतलेला नमुना रविवारी कुरिअरच्या गोदामात पडून राहतो. तारीख देताना काउंटर आपणहून शनिवार सुचवतं, कारण त्या दिवशी नवऱ्याला सुट्टी असते. सोमवार किंवा मंगळवार मागून घ्या.