‘बोर्ड गेलाय’ म्हणणाऱ्याला आधी बादली दाखवा

कॉम्बी बॉयलर म्हणजे नळाचं पाणी आणि खोल्या तापवणारे रेडिएटर, दोन्ही सांभाळणारा गॅसचा बॉयलर. त्याच्या नळाला गरम पाणी येईना की मेकॅनिकची फसवणूक बहुतेक एकाच वाक्याने सुरू होते: “बोर्ड गेलाय, बदलावा लागेल.” वीज तपासायचा मल्टिमीटर अजून पिशवीतच असतो. सर्किट बोर्ड महाग, घरमालकाला तो तपासता येत नाही, म्हणून खापर त्याच्यावर. दोन दिवसांनी पाणी पुन्हा गार आलं की “आता व्हॉल्व्ह”, आणि शेवटी “बॉयलरच बदला”.

बॉयलरचं झाकण न उघडताही बरंच कळतं (झाकण उघडायचं काम गॅसच्या परवानाधारक मेकॅनिकचंच). रेडिएटर तापतात, पण गरम नळ सोडल्यावर बॉयलर पेटतच नाही? मिनिटाला साधारण 2 ते 2.5 लिटर प्रवाह जाणवल्याशिवाय तो पेटत नाही. थंड पाणी आत येतं तिथली जाळी तुंबलेली असते, नाहीतर प्रवाह मोजणाऱ्या फ्लो सेन्सरची फिरकी अडकलेली. जाळी धुण्याच्या कामाला बोर्डाचं बिल लागतं ते इथेच.

हीटिंग बंद ठेवून गरम नळ पाच मिनिटं चालवा. रेडिएटरकडे जाणारा पाइप तापला तर डायव्हर्टर व्हॉल्व्ह (उष्णता नळाकडे की रेडिएटरकडे वळवायची ते ठरवणारा) ती बाजू पूर्ण बंद करत नाही, उष्णता तिकडे पळते.

पाणी कोमट असेल तर 10 लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. 24 किलोवॉटचा बॉयलर मिनिटाला सुमारे 10 लिटर पाणी 35 अंशांनी तापवतो. बादली 40 सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला 15 लिटर, तर वाढ जेमतेम 23 अंश. हिवाळ्यात ते कोमटच लागणार. नळ थोडा आवळल्यावर पाणी कढत आलं तर दुरुस्तीला काही नाहीच.

एकदा गरम, एकदा गार असं चाललं तर संशय प्लेट हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची उष्णता नळाच्या पाण्याला देणाऱ्या भागावर. त्यात क्षार किंवा गाळ साचला की बॉयलरमधलं पाणी झटकन तापतं, नळाच्या पाण्याला उष्णता मिळत नाही, बर्नर विझतो, पुन्हा पेटतो. इथली लबाडी जास्त चलाखीची: प्लेट नवी बसते, पण रेडिएटरच्या पाण्यातला काळा गाळ धुतला जात नाही. मग नवी प्लेटही तुंबते आणि दुसरं बिल येतं.

बॉयलरचा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून गरम नळ सोडा. धार थांबलीच नाही, तर कुठल्यातरी शॉवरच्या मिक्सरमधून थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसतंय. बॉयलरला हात लावायची गरज नाही.

बोर्ड खरोखर जातोही, बहुधा वरून पाणी टपकल्याने. तेव्हा जळका डाग दाखवायला सांगा, एरर कोड बिलावर लिहून घ्या, जुना बोर्ड ताब्यात घ्या. आणि गळती आधी बंद करून घ्या, नाहीतर नवा बोर्डही त्याच पाण्याखाली बसतो.