दंडावरचा सेन्सर: चौदा दिवसांचं वेबिल

एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली, त्यातली शेवटची अकरा साखर घेऊन. रिटायर झाल्यावर जेवण वेळेवर आलं, रोज चार किलोमीटर चालू लागलो, तरी एचबीएवनसी, म्हणजे सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ८.९. सकाळची उपाशीपोटीची १७० च्या खाली येईना. आधीच्या डॉक्टरांनी संध्याकाळची ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर उतरवायची गोळी, वाढवली. आकडा जागचा हलला नाही.

नवीन डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, गोळी नंतर बदलू. आधी चौदा दिवस साखर मोजणारा सेन्सर लावा." साडेचार हजारांच्या आसपास पडला. मनात म्हटलं, गेले पैसे.

दंडाच्या मागच्या बाजूला बसवतात, दहाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. टोचलेलं कळतसुद्धा नाही. फोन जवळ नेला की मागच्या आठ तासांचा आलेख दिसतो. माझा फोन त्याला चालेना, मुलाचा घ्यावा लागला.

एचबीएवनसी म्हणजे डेपोत भरलेली एकूण रक्कम, साधारण तीन महिन्यांची. कुठल्या स्टॉपवर किती चढले हे त्यात कळत नाही. ते वेबिलात कळतं. हा सेन्सर म्हणजे वेबिल.

पहिल्याच सकाळी आलेखात रात्री ५४! घरात धावपळ. बाईंनी फोनवर विचारलं, सेन्सरच्याच कुशीवर झोपला होता का? होतो. दंड दाबला गेला की सेन्सर खोटा कमी आकडा दाखवतो म्हणे. शिवाय तो रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागेच असतो. म्हणून शंका आली की बोट टोचायचंच.

चौथ्या रात्री तीनचा गजर लावून दुसऱ्या कुशीवर झोपलो. सेन्सर ६१, ग्लुकोमीटर ६४. बनियन घामानं भिजलेलं. हिनं दिवा लावला आणि म्हणाली, "अहो, म्हणजे रात्री लाडवाचा डबा याच्यापायी रिकामा होतो होय!" खरंच होतं. संध्याकाळच्या गोळीनं रात्री साखर खाली जायची, भूक लागून जाग यायची, दोन लाडू पोटात जायचे आणि सकाळी १७०. ते बघून पुन्हा गोळी वाढायची.

संध्याकाळची ग्लिमेपिराइड बंद झाली, रात्री नुसती मेटफॉर्मिन राहिली. सकाळी एम्पाग्लिफ्लोझिन दहा मिलिग्रॅम. ही आधी साठेक रुपयांना एक होती, २०२५ च्या मार्चमध्ये पेटंट संपल्यावर मला दहा-बारा रुपयांत मिळते. साखर लघवीवाटे बाहेर काढते, म्हणून पाणी भरपूर प्यायचं, लघवीची जागा स्वच्छ ठेवायची. उलट्या-जुलाब होऊन खाणंपिणं सुटलं तर ही थांबवून लगेच फोन करायचा, असं बाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलंय. तुमच्या गोळ्या मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच बदला.

साडेतीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.२. लाडवाचा डबा भरलेला.

तक्रारी दोन. चिकटपट्टी घामानं सुटली आणि बाराव्या दिवशी अंघोळीत सेन्सर हातात आला. दोन दिवसांचे पैसे पाण्यात. आणि बाईंच्या दवाखान्यात नंबर असूनही दोन-दोन तास बसावं लागतं. पाचपैकी चार तारे.

परवा दुसऱ्याच कारणासाठी लघवी तपासायला दिली. लॅबमधल्या पोराचा घाबऱ्याघुबऱ्या फोन, "काका, साखर चार प्लस आहे!" म्हटलं, असू दे रे बाबा, त्याचेच तर पैसे देतोय.