पालना योजनेतील पाळणाघर : दोन मुलांच्या निमित्ताने आलेला अनुभव

मी शिवणकामाच्या एका लहान कारखान्यात काम करते, माझे पती मालवाहू टेम्पो चालवतात आणि मुलांना सांभाळणारे वडीलधारे माणूस आमच्या घरात नाही. खासगी पाळणाघराची चौकशी केली, तेव्हा तेथील मासिक शुल्कातच माझा जवळजवळ निम्मा पगार संपणार होता. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणे 2017 च्या प्रसूती लाभ दुरुस्ती कायद्याने बंधनकारक केले असले, तरी आमच्या कारखान्यात वीस-बावीसच जणी असल्याने त्याचा आम्हाला उपयोग नव्हता. म्हणून 2018 मध्ये थोरल्या मुलाला आणि आता धाकट्या मुलीला मी सरकारी मदतीवर चालणाऱ्या पाळणाघरात ठेवले.

थोरल्याच्या वेळी ती राष्ट्रीय पाळणाघर योजना होती आणि सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना तेथे प्रवेश मिळत असे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला दरमहा 20 रुपये, आईवडिलांचे मिळून मासिक उत्पन्न 12,000 रुपयांपर्यंत असल्यास 100 रुपये आणि त्याहून अधिक असल्यास 200 रुपये, असे शुल्क ठरलेले होते. आम्ही 200 रुपये भरत होतो. 2022 पासून ही योजना केंद्र सरकारच्या महिलांसाठीच्या ‘मिशन शक्ती’ या कार्यक्रमात पालना या नावाने चालते आणि धाकटीचे केंद्र अंगणवाडीलाच जोडलेले आहे. आताचा खर्चही खासगी दराच्या जवळपास जात नाही. या मदतीमुळेच माझी नोकरी टिकली, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

सांभाळाविषयी माझी तक्रार नाही. मुलांना वेळेवर पूरक आहार मिळतो, वजन नियमित नोंदवले जाते आणि लसीची तारीख सेविकाताई आमच्याआधी लक्षात ठेवतात. मुलगी पहिले दोन आठवडे फार रडली. तेव्हा मदतनीस मावशी तिला कडेवर घेऊनच बाकीच्या मुलांची अंथरुणे घालत असत. त्यांच्या कष्टाच्या मानाने मोबदला मात्र फार तोकडा आहे. 2018 च्या केंद्रात सेविकेला 3,000 आणि मदतनीसाला 1,500 रुपये मानधन होते, तेही काही वेळा महिनोन्‌महिने रखडत असे. आमचे शुल्क इतके कमी असण्याचा भार त्यांच्या खांद्यावर पडतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खरी अडचण वेळेची आहे. जुन्या योजनेत पाळणाघर दिवसाला साडेसात तास उघडे असे आणि आताचे आमचे केंद्रही सकाळी नऊ ते दुपारी साडेचार इतकाच वेळ चालते. माझे काम साडेनऊला सुरू होऊन सहाला सुटते आणि घरी पोहोचायला आणखी पाऊण तास लागतो. म्हणजे रोज सव्वादोन तास मुलीला शेजारच्या काकूंकडे ठेवावे लागते आणि महिनाअखेरीस त्यांच्या हातावर जी रक्कम ठेवते, ती 2018 मध्ये पाळणाघराला भरत असलेल्या शुल्काच्या कितीतरी पट असते. ज्या दिवशी काकू गावी जातात, त्या दिवशी माझी अर्धी रजा होते आणि तेवढा पगार कापला जातो. अनुदानाने शुल्क कमी झाले, पण कमी पगाराची कामे साडेचारला सुटत नाहीत, हे वेळापत्रक ठरवताना लक्षात घेतलेले दिसत नाही.

तरीही ज्यांचे काम घराजवळ आहे किंवा दुपारी सुटते, अशा मातांनी या केंद्रात मूल निःशंकपणे ठेवावे. इतरांनी प्रवेश घेण्यापूर्वी बंद होण्याची वेळ आणि सुट्ट्या नीट विचारून घ्याव्यात. पाळणाघराची वेळ परिसरातील बहुसंख्य मातांच्या कामाच्या वेळेला धरून असावी, असे जुन्या योजनेतच अपेक्षित होते. त्याच आधारावर आम्ही अकरा जणींनी केंद्र साडेसहापर्यंत उघडे ठेवावे आणि वाढीव तासांचे मानधन सेविकाताई व मावशींना द्यावे, असा लेखी अर्ज गेल्या महिन्यात दिला आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.