नवा डॉक्टर: २००५ चा नाताळ की २०२३ चा?

'डॉक्टर हू' (ब्रिटिश विज्ञानकथा मालिका; तिचा नायक 'डॉक्टर' रूप पालटतो, मग नवा नट येतो) बघायचंय, पण सुरुवात कुठून? भाची नव्या डॉक्टरच्या दोन नाताळ विशेष भागांमध्ये अडकलीय. दोन्ही रसेल टी डेव्हिस यांनीच लिहिलेले, दोन्ही तासाभराचे. म्हणजे वेळेचा हिशेब सोडाच.

नायक भेटतो कधी? २००५ च्या 'द ख्रिसमस इन्व्हेजन'मध्ये डेव्हिड टेनंट बराच वेळ पायजम्यात आडवा. लंडनवर सिकोरॅक्स या परग्रहवासीयांचं यान येऊन ठेपतं, तरी हा उठेना! शेवटी सांडलेल्या चहाच्या वाफेने जागा होतो (आमच्या घरात तर सगळेच असे). मग तलवारबाजीत तुटलेला हात पुन्हा उगवतो आणि सगळा उशीर वसूल. २०२३ च्या 'द चर्च ऑन रूबी रोड'मध्ये शूटी गट्वा क्लबमध्ये मनसोक्त नाचतो. गॉब्लिनांचं (परीकथांतल्या दुष्ट बुटक्यांचं) गाणं मात्र मला जरा जास्तच झालं.

आधीचं ठाऊक हवं? टेनंटसाठी हो. डॉक्टरच्या सोबतिणीला, रोझला, हा परका का वाटतो, ते आधीच्या डॉक्टरचा, म्हणजे ख्रिस्तोफर एक्लस्टनचा सीझन पाहिल्याशिवाय भिडत नाही. गट्वासाठी फारसं नको; त्याच्या नव्या सोबतिणीबरोबर, रूबीबरोबर, आपणही नवखेच.

एका संध्याकाळपुरती चव हवी तर रूबी. एक्लस्टनचे तेरा भाग बघायची तयारी असेल, तर ते संपवून टेनंट.