टेस्टडिस्क: काढून टाकलेले पार्टिशन परत मिळवण्यासाठी

दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवताना मी हार्ड डिस्कवरचे चुकीचे पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र पाडलेला भाग) काढून टाकले आणि अनेक वर्षांचे फोटो व कागदपत्रे जिथे होती, ती जागा रिकामी दिसू लागली. फॉरमॅट करण्याआधीच थांबलो, म्हणून पुढचे सगळे शक्य झाले. तेव्हा वापरलेला टेस्टडिस्क हा ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचा प्रोग्रॅम मोफत आणि मुक्तस्रोत असून विंडोज, लिनक्स व मॅकओएसवर चालतो.

पार्टिशन काढल्यावर पार्टिशन टेबलमधली, म्हणजे डिस्कवरच्या पार्टिशनांच्या यादीतली नोंद जाते, फाइली जागेवरच राहतात. एमबीआर या जुन्या पार्टिशन टेबल पद्धतीत ही नोंद अवघ्या 16 बाइटांची असते. टेस्टडिस्क डिस्क चाळून फाइल सिस्टीमच्या (फाइली साठवण्याच्या रचनेच्या) बूट सेक्टरसारख्या, म्हणजे पार्टिशनच्या सुरुवातीला त्याची माहिती देणाऱ्या भागासारख्या खुणा शोधतो आणि त्यांवरून हरवलेल्या पार्टिशनच्या सीमा ठरवतो. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टीममध्ये बूट सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या अखेरीसही असते, त्यामुळे सुरुवातीचा सेक्टर बिघडला असला तरी शोध लागू शकतो.

माझ्या डिस्कवर ‘क्विक सर्च’ने काही सापडले नाही, ‘डीपर सर्च’ला कित्येक तास लागले, पण त्यात पार्टिशन मिळाले. इथे या प्रोग्रॅमची मला सर्वाधिक आवडलेली सोय कामी आली. सापडलेल्या पार्टिशनवर ‘पी’ दाबले की आतल्या फाइलींची यादी दिसते, आणि नावे ओळखीची असतील तर त्या तिथूनच दुसऱ्या डिस्कवर कॉपी करता येतात. तोपर्यंत मूळ डिस्कवर एकही बाइट लिहिला जात नाही. सर्व फाइली सुरक्षित उतरवल्यानंतरच मी सापडलेले पार्टिशन टेबलमध्ये परत लिहिणारा ‘राइट’ हा पर्याय निवडला, आणि हाच क्रम पाळावा असे माझे ठाम मत आहे.

दोष आहे तो मांडणीत. माउस चालत नाही, बाणांच्या कळांनी फिरावे लागते, आणि पूर्वी कधी काळी त्या डिस्कवर असलेली पार्टिशनेही यादीत येतात. घाबरलेल्या माणसाने त्यांतले चुकीचे निवडून ‘राइट’ केले तर गोंधळ वाढेल. म्हणूनच प्रोग्रॅमच्या ‘ॲडव्हान्स्ड’ विभागातून आधी डिस्कची संपूर्ण इमेज (हुबेहूब प्रत असलेली फाइल) करून त्या इमेजवर काम करणे मला अधिक योग्य वाटते, मात्र त्यासाठी तेवढी मोठी दुसरी डिस्क हवी.

सोबत मिळणारा फोटोरेक हा फाइली परत मिळवणारा प्रोग्रॅम शेवटचा उपाय समजावा. तो फाइल सिस्टीमकडे न पाहता फाइलींच्या आरंभीच्या खुणा शोधतो. त्यामुळे फोटो मिळतात, पण मूळ नावे व फोल्डर बहुधा जातात आणि तुकड्यांत साठवलेल्या मोठ्या फाइली अनेकदा अपुऱ्या निघतात. एसएसडीवर (चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कवर) फॉरमॅट करताना ट्रिमचा, म्हणजे न वापरलेली जागा पुसून टाकायला सांगणारा आदेश गेला असेल, तर या दोन्ही प्रोग्रॅमना वाचण्यासारखे सहसा काहीच उरत नाही.