‘सिंहासन’: आतला मजकूर पाच तारे, खोकं दोन

पुस्तक परभणीला घरपोच आलं, पण खोक्यात नुसतंच टाकलेलं. मलपृष्ठाचा कोपरा पार दुमडला. तारे कापले ते विकणाऱ्याचे. मजकुराला तोड नाही. लेखक अरुण साधू हाडाचे पत्रकार, फ्री प्रेस जर्नलचे संपादकही होते. मंत्रालयातली कुजबुज जवळून ऐकलेला माणूस लिहितोय, हे पानोपानी कळतं. ही राजकीय कादंबरी १९७७ची, पण तिच्यातल्या दिगू टिपणीससारखे सगळं माहीत असलेले वार्ताहर आमच्या जिल्हा परिषदेच्या कँटीनमध्ये आजही चहा पीत बसलेले दिसतात. १९७९चा सिनेमा पाहिलाय म्हणून हे टाळू नका. त्यात साधूंचीच दुसरी कादंबरी ‘मुंबई दिनांक’ही मिसळलीय. सध्या प्रत आण्णांकडे आहे. मागितली की म्हणतात, ‘थांब की, सरकार पडू दे आधी.’